सीपॅप घरी आलं, पण झोप लागेना: वाचकांचे प्रश्न

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यावर गेल्या अंकात लेख होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत घोरण्याबद्दल कमी आणि मशीनबद्दलच जास्त विचारलेलं आहे. स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी) झाली, डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लिहून दिलं, मशीन आलं आणि आता ते पलंगाखाली पडून आहे, असा बहुतेकांचा सूर. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

हे मशीन ऑक्सिजन देत नाही, असं अजूनही पुष्कळांना सांगावं लागतं. ते खोलीतलीच हवा दाबाने आत सोडतं आणि त्या दाबामुळे झोपेत सैल पडलेला घसा मिटत नाही. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरगुती मशीन ४ ते २० पर्यंत चालतं. १० चा दाब म्हणजे किती, हे बघायचं असेल तर ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल धरा आणि फुंका. पहिला बुडबुडा सुटायला जेवढा जोर लागतो, तेवढाच. त्रास होतो तो बऱ्याचदा दाबापेक्षा मास्कच्या गळतीचा असतो. म्हणून तक्रार कुठलीही असो, आम्ही आधी गळती बघतो, मग ओलावा आणि दाबाकडे सगळ्यात शेवटी वळतो.

प्रश्न : आठवडा झाला, नाक-तोंड झाकणारा मास्क लावतोय. रात्री डोळ्यांत हवा जाते, फुसफुस आवाज येतो. पट्टे आवळले की थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ. स्क्रीनवर गळतीचा इशारा रोज येतो. मास्क खराब निघाला का?
(गंगापूर रोड)

उत्तर : मास्क बहुधा ठीक आहे. आवळणं थांबवा.

मास्कच्या कडेला सिलिकॉनचा दुहेरी पापुद्रा असतो. बाहेरचा पातळ पापुद्रा हवेने फुगतो आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागावर स्वतःच बसतो. पट्टे आवळले की तो चपटा होतो, त्याला घड्या पडतात आणि त्या घड्यांतून हवा निसटते. तुम्ही आणखी आवळता, आणखी घड्या पडतात. नाकावरचा वळ त्याचाच.

आज रात्री असं करा. तोंड साबणाने धुऊन कोरडं करा. क्रीम, तेल काही लावू नका. तेलाने मास्क घसरतो आणि सिलिकॉनही लवकर कडक होतं. सगळे पट्टे सैल करून आडवे व्हा. मास्क बसल्या जागी बेतू नका, कारण आडवं झाल्यावर गालांचं मांस मागे सरकतं आणि बसून बेतलेला मास्क झोपल्यावर बसेलच असं नाही. आता मशीन चालू करा. मशीनमध्ये 'मास्क फिट' असेल तर तेच चालू करा. हवा येत असताना मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून पुढे ओढा आणि हलकेच परत टेकवा, म्हणजे पापुद्रा फुगून नीट बसेल. मग आधी खालचे दोन पट्टे, दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा, त्यानंतर वरचे. गळती थांबली की तिथेच थांबा. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. मग ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळून पुन्हा बघा.

मास्कच्या पुढच्या भागात, नळी जोडायच्या वळणाजवळ किंवा कडेला बारीक छिद्रं असतात. त्यातून सतत हवा बाहेर येते आणि ती यायलाच हवी, कारण तुम्ही सोडलेला श्वास तिथूनच जातो. ही छिद्रं गळती समजून चिकटपट्टीने बुजवणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका.

एवढं करूनही डोळ्यांत हवा येत असेल तर साइज तपासा. नाक-तोंडाच्या मास्कचा वरचा टोकाचा भाग नाकाच्या हाडावर आणि खालचा भाग खालच्या ओठाच्या जरा खाली, हनुवटीच्या खळगीत आला पाहिजे. तोंड किंचित उघडल्यावरही खालची कड सुटता कामा नये. वरून डोळ्यांकडे हवा जाते तेव्हा बऱ्याचदा एक साइज मोठा घेतलेला असतो; दुकानात 'मोठा बरा, आरामशीर' म्हणून देतात. कंपनीचं मापाचं कार्डबोर्ड मिळतं, ते मागा. बरेच विक्रेते सुरुवातीच्या दिवसांत कुशन (चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग) बदलून देतात, पण खोका उघडण्याआधी विचारून ठेवलेलं बरं.

भरघोस मिशा असतील तर नाकाखालची कड कधीच नीट बसणार नाही. मिशा ठेवायच्या असतील तर नाकपुड्यांत टेकणाऱ्या लहान उश्यांचा मास्क बघा. त्याला मिशांची अडचण कमी होते.

नळीचाही विचार करा. तुम्ही कूस बदलता, नळी पलंगाच्या कडेला अडकते आणि मास्क ओढला जातो. नळी डोक्यावरून मागे न्या आणि पलंगाच्या वरच्या कडेला कपड्याच्या पट्टीने सैल बांधा.

आकड्यांबद्दल एक खुलासा. रेसमेड कंपनीच्या मशीनवर छिद्रांतून जाणारी हवा वजा करून उरलेली गळती दिसते आणि मिनिटाला २४ लिटर ही त्यांची वरची मर्यादा. फिलिप्सच्या अहवालात छिद्रांतली हवा धरून एकूण आकडा येतो, म्हणून तो मोठा दिसतो. शेजाऱ्याच्या मशीनचा आकडा बघून घाबरू नका. आणि सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार तुम्ही लावता तोच निवडलाय ना, हे एकदा पाहा. नाकाचा मास्क लावून सेटिंग नाक-तोंडाचं ठेवलं असेल तर मशीनचा हिशेबच चुकतो.

प्रश्न : मास्क लावला की पाच मिनिटांत गुदमरायला होतं, हवा कमी पडते असं वाटतं. घरचे म्हणतात, दाब कमी करून घे. करू का?
(सिडको)

उत्तर : हवा कमी पडते असं वाटत असेल तर दाब बहुधा आधीच फार कमी आहे. ऑटो मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे दाब स्वतः कमी-जास्त करणारं, खोक्यातून निघतं तेव्हा बऱ्याचदा ४ ते २० अशा सताड उघड्या मर्यादेवर असतं आणि तसंच घरी दिलं जातं. जागेपणी ४ च्या दाबावर मोठ्या माणसाला हवा अपुरी वाटणं अगदी साहजिक आहे. त्यात 'रॅम्प' ४५ मिनिटांचा लावलेला असेल, म्हणजे दाब हळूहळू चढायला पाऊण तास, तर तेवढा वेळ तुम्ही तडफडत राहणार. रॅम्प बंद करून किंवा पाच-दहा मिनिटांवर आणून बघा. ते तुमच्या हातातलं सेटिंग आहे. खालचा दाब ४ वरून ६ किंवा ७ करायचा की नाही हे तुमच्या स्लीप स्टडीवर आणि मशीनमधल्या मेमरी कार्डावरच्या नोंदींवर ठरतं. ते डॉक्टरांकडून करून घ्या, फोनवरही होण्यासारखं काम आहे.

हवा आत येते पण बाहेर सोडताना जोर लागतो, अशी तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारं सेटिंग असतं. रेसमेडमध्ये त्याला ईपीआर म्हणतात आणि ते १, २ किंवा ३ सेंटिमीटरने दाब खाली आणतं. फिलिप्समध्ये फ्लेक्स नावाने तशीच सोय आहे.

मास्कचीच धास्ती वाटत असेल तर ती झोपायच्या वेळी जाणार नाही. संध्याकाळी टीव्हीवर मालिका बघताना आधी मास्क नुसता हातात धरून नाकावर टेकवा, मग पट्टे लावा, मग मशीन चालू करून वीस मिनिटं बसा. हे रोज करा. रात्री जाग येऊन मास्क काढलात तर तोंड पुसून परत लावा. 'आता उद्या बघू' म्हणून बाजूला ठेवायची सवय एकदा लागली की मग मशीन पलंगाखालीच जातं.

प्रश्न : आम्ही निफाडचे. थंडीत पहाटे नळीत पाणी साचतं, गुडगुड आवाज येतो, नाकावर थेंब पडून जाग येते. शिवाय घर द्राक्षबागेला लागून आहे. फवारणीच्या दिवसांत मशीन चालवावं का? फिल्टर ते अडवतो का?

उत्तर : निफाडची थंडी म्हणजे नळीत पाणी साचायला हक्काची जागा. हवा ओलसर करायला मशीनला पाण्याची तापणारी टाकी असते; तिच्यातून गरम, दमट हवा निघते, थंड खोलीतल्या थंड नळीत तिचं पाणी होतं. उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करायला हरकत नाही. मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली, ठेंगण्या स्टुलावर ठेवा, म्हणजे पाणी नाकाकडे न येता टाकीकडे उतरेल. नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिला जुन्या सुती कपड्याची पिशवी शिवा; नळीची कापडी खोळ विकतही मिळते. आणि ओलाव्याचा आकडा एका पायरीने उतरवा. रेसमेडमध्ये १ ते ८ अशा पायऱ्या असतात आणि सुरुवातीला ४ असते. थंडीत ३ पुरेसा होतो का बघा.

ओलावा कमी केला की नाक सुकतं, अशी पंचाईत झाली तर गरम होणारी नळी घ्या. त्या नळीत बारीक तार असते, ती हवा मास्कपर्यंत उबदार ठेवते. 'ऑटो'वर तापमान साधारण २७ अंश राहतं. ती तुमच्या मॉडेलचीच लागते, दुसऱ्या मॉडेलची जोडणी बसत नाही. निफाड, दिंडोरी भागात राहणाऱ्यांनी ती पहिल्यापासूनच घ्यावी, असं आमचं मत आहे.

फवारणीचं उत्तर तेवढं सोपं नाही. मशीनमागचा फिल्टर धूळ, परागकण अडवतो. गंधकाची धुरळणी केली तर भुकटीचा मोठा भाग त्यावर बसेल. पण औषधाची वाफ आणि वास त्यातून सरळ आत येतो. त्यामुळे मशीन हे फवारणीपासूनचं संरक्षण समजू नका. त्या दिवशी बागेकडची खिडकी दुपारपासून बंद ठेवा, मशीन बागेच्या उलट बाजूच्या खोलीत लावा, हवा जिथून आत जाते ती बाजू भिंतीला किंवा पडद्याला चिकटलेली नको. फवारणी आणि छाटणीच्या हंगामात फिल्टर महिनाभर वाट न बघता पंधरा दिवसांनी काढून उजेडात धरा. करडा दिसला तर बदला. पांढरा पातळ फिल्टर धुवायचा नसतो, धुतला की त्याचे धागे सुटतात. काही मशीनना काळ्या स्पंजाचा फिल्टर असतो, तो धुऊन पूर्ण सुकवून परत घालता येतो. तुमचा कुठला आहे ते आधी बघा. मशीनवर झोपूनही वास तीव्र येत असेल, डोकं दुखत असेल तर ती रात्र दुसऱ्या घरी झोपा.

प्रश्न : टाकीत कुठलं पाणी घालायचं? आरओ चालेल का? इन्व्हर्टरसाठी आणलेलं बॅटरीचं पाणी घरात आहे, तेही डिस्टिल्डच ना? सर्दी झाली तर थोडं व्हिक्स टाकू का?
(इंदिरानगर)

उत्तर : मेडिकलमध्ये मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. एखाद-दोन रात्री अडचणीला चालेल, रोज वापरलं तर टाकीच्या धातूच्या तळावर पांढरा थर धरतो. बोअरच्या पाण्याने तर तो फारच लवकर धरतो. बॅटरीचं पाणी बॅटरीसाठी बनवलेलं असतं, माणसाच्या श्वासात जाण्याइतकं स्वच्छ आहे याची हमी त्यावर कोणी दिलेली नसते. ते नको.

व्हिक्स, निलगिरी, कापूर, अत्तर, काहीही टाकीत घालायचं नाही. टाकी आणि नळीचं प्लास्टिक त्याने खराब होतं आणि तेलाचे कण रात्रभर फुप्फुसात जात राहतात. वास हवासा वाटत असेल तर उशाशी ठेवा.

सकाळी उरलेलं पाणी ओतून टाका, टाकी उघडी सुकवा, रात्री ताजं भरा; कालच्यात भर घालू नका. आठवड्यातून एकदा टाकी, नळी आणि मास्क कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब घालून धुवा. उन्हात वाळत घालू नका, सावलीत टांगा. क्षाराचा थर असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग पाणी, असं मिश्रण टाकीत घालून ठेवा आणि मग खळखळून धुवा. डेटॉल, ब्लीच वापरू नका. भरलेल्या टाकीसह मशीन उचलून इकडून तिकडे नेऊ नका. पाणी मोटरीत गेलं की दुरुस्तीचा खर्च मोठा आणि वॉरंटीत तो बसेलच असं नाही.

प्रश्न : सासूबाईंना (वय ७१) नाकाचा मास्क दिलाय. पहाटे त्यांचं तोंड इतकं कोरडं पडतं की बोलता येत नाही. पाण्याचा आकडा वाढवला, फरक नाही. नाक नेहमीच चोंदलेलं असतं, त्यासाठी त्या रोज थेंब घालतात.
(पंचवटी)

उत्तर : झोपेत त्यांचं तोंड उघडत असणार. नाकातून आत आलेली हवा तोंडातून बाहेर पळते, ओलावा कितीही वाढवला तरी तो त्या झोतात टिकत नाही. मशीनच्या अहवालात रात्रीच्या उत्तरार्धात गळती चढलेली दिसली तर हेच कारण.

तोंड उघडतं, कारण नाक बंद आहे. आणि नाक बंद असण्यात त्या थेंबांचाच हात असू शकतो. नाक पटकन मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घातले की त्यांचा असर उतरल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा थेंब घालतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना बाटली दाखवा. थेंब बंद करून दुसरा स्प्रे द्यायचा का, ते ठरवतील. झोपण्याआधी अर्धा तास मिठाच्या पाण्याने नाक धुवायला हरकत नाही. जलनेती येत असेल तर तीच करा, फक्त पाणी उकळून कोमट केलेलं घ्या, नळाचं थेट नको.

नाक मोकळं झाल्यावरही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंडाचा मास्क. पट्टा काहींना जमतो, काहींना मुळीच नाही. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरत असतात. ७१ व्या वर्षी, नाक चोंदलेलं असताना, ते करायचं नाही.

सासूबाईंना कवळी आहे का? रात्री कवळी काढल्यावर ओठ आणि गाल आत जातात आणि कवळी घालून बेतलेला मास्क तेव्हा गळतो. नवा मास्क बेताल तेव्हा त्या जशा झोपतात तसाच बेता. तोंड कोरडं पाडणाऱ्या काही गोळ्याही असतात, म्हणून चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सातपूरला कारखान्यात आहे, आठवड्याआड रात्रपाळी. सकाळी आठला झोपतो, तीनला उठतो. ॲपवर कधी चार तास दिसतात, कधी तीन. मशीन चुकीचं मोजतंय का? आणि विक्रेता म्हणतो, चार तास झाले की पुरे.

उत्तर : मशीन बरोबर मोजतंय. रेसमेडसारख्या मशीनचा 'दिवस' दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतचा असतो. तुमची आठ ते तीनची झोप बाराला दुभंगते: चार तास एका तारखेत, तीन तास पुढच्या तारखेत. एकेका दिवसाचा आकडा सोडा, आठवड्याची बेरीज बघा. डॉक्टरांकडे कार्ड देताना पाळीच्या तारखा कागदावर लिहून द्या, नाहीतर अहवाल बघणाऱ्याला वाटेल की तुम्ही मशीन अर्धवट वापरता.

चार तासांचा आकडा अमेरिकेतल्या विम्याच्या नियमातून पसरला आहे: मशीनचे पैसे मिळवायला किमान एवढा वापर दाखवा, असा तो निकष. उपचार तेवढ्यावर पुरा होत नाही. स्वप्नांची झोप बहुतांश शेवटच्या तिसऱ्या भागात असते, त्यात स्नायू सर्वांत सैल पडतात आणि अनेकांचा श्वास तेव्हाच सर्वांत जास्त वेळ अडकतो. चार तासांनी मास्क काढणारा माणूस नेमके तेच तास उघडे सोडतो. दुपारची डुलकीसुद्धा मास्क लावूनच घ्या.

प्रश्न : लाइट गेली तर काय? घरी १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. रात्रभर पुरेल का? मशीन बंद पडून झोपेत काही होणार नाही ना?
(नाशिक रोड)

उत्तर : १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हजार धरा, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. टाकी न तापवता मशीन साधारण ३० वॅटच्या आत चालतं, म्हणजे आठ तासांना २४० वॅट-तास. टाकी आणि गरम नळी लावून सरासरी ६० धरा, तरी ४८०. छताचा जुना पंखा एकटाच ७५ वॅट खातो, आठ तासांचे ६००. म्हणजे पंखा आणि मशीन दोन्ही रात्रभर हवे असतील तर टाकीचं तापणं बंद करा. बॅटरी आधीच अर्धी उतरलेली असेल तर पंखाही बंद ठेवायचा विचार करा.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ॲडॉप्टर गुणगुणतो आणि तापतो. इन्व्हर्टरवर यूपीएसचा मोड असेल तर तो निवडा, म्हणजे लाइट जाता-येताना मशीन बंद-चालू होणार नाही. बॅटरीवरून वायर काढून थेट मशीनला जोडायचा उद्योग मात्र नको. बहुतेक मशीन २४ व्होल्टवर चालतात, १२ वरून त्यासाठी कंपनीचा वेगळा कन्व्हर्टर मिळतो.

मशीन बंद पडलं तर नाक-तोंडाच्या मास्कमधली झडप उघडते आणि बाहेरची हवा मिळते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं. हवेचा झोत थांबला की बहुतेकांना जाग येतेच. लाइट लवकर येणार नसेल तर मास्क काढून ठेवा आणि कुशीवर झोपा.

प्रश्न : सकाळी पोट फुगलेलं, ढेकरा आणि गॅस. मशीनमुळे होऊ शकतं?
(मेरी)

उत्तर : होऊ शकतं. घशातली थोडी हवा अन्ननलिकेत जाते. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका, पलंगाचं डोकं उंच करा, डाव्या कुशीवर झोपा. श्वास सोडताना दाब उतरवणारं सेटिंग वापरून बघा. एवढ्याने भागलं नाही तर ऑटो मशीनचा वरचा दाब किती चढतो ते डॉक्टर कार्डावर बघतील. बऱ्याचदा २० ची मर्यादा १२-१३ वर आणली की पोट शांत होतं आणि श्वासही अडकत नाही. आधीपासून ॲसिडिटी असेल तर तेही सांगा.

प्रश्न : स्लीप स्टडीत एएचआय ४२ होता. मशीनवर तीन आठवडे झाले, तरी १२ च्या खाली येत नाही. दाब वाढवून घेऊ?
(म्हसरूळ)

उत्तर : थांबा. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा बराच कमी झाला. मशीनवर तो ५ च्या आत यावा, हे बरोबर. पण ते १२ कशाचे आहेत, हे आधी बघायला हवं, आणि तो तपशील अहवालात असतो.

घसा मिटून झालेले असतील तर गळती बघा, उताणं झोपता का ते बघा, रात्री दारू घेता का ते स्वतःला विचारा. तिघांनीही आकडा चढतो. मग डॉक्टर दाब वाढवतील. पण 'सेंट्रल' किंवा 'क्लिअर एअरवे' या खात्यात असतील तर घसा उघडा आहे, मेंदूकडूनच श्वासाचा इशारा चुकतो आहे. काहींमध्ये ते मशीन सुरू केल्यावर नव्याने दिसतात आणि पुष्कळांचे काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. त्यावर दाब वाढवला तर ते वाढूही शकतात. हृदय कमजोर असेल किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर ही बाब डॉक्टरांच्या कानावर लगेच घाला. आणखी एक: तुम्ही जागे आहात की झोपलात, हे मशीनला कळत नाही. तळमळत घालवलेल्या तासांतले धरून ठेवलेले श्वासही ते मोजतं.

प्रश्न : मिस्टर नाशिक-मुंबई मालवाहू गाडी चालवतात. मशीन आलं, आता चिंता नाही ना?
(द्वारका)

उत्तर : मशीन आलं म्हणून चिंता मिटली नाही, दिवसाची झोप गेली की मिटेल. काहींना पहिल्या आठवड्यातच फरक पडतो, काहींना महिना-दोन महिने लागतात. स्टिअरिंगवर पेंग येते तोवर कसारा घाटात गाडी घालू नये, विशेषतः पहाटे. गाडीतच झोपावं लागत असेल तर २४ व्होल्टचा कन्व्हर्टर त्या मॉडेलसाठी मिळतो का ते विचारा आणि टाकीशिवाय मशीन चालवा. मशीन एक रात्र जरी सुटलं तरी दुसऱ्या दिवशी पेंग परत येऊ शकते.

प्रश्न : ऑनलाइन जुनं मशीन निम्म्या किमतीत मिळतंय. घ्यावं?
(पाथर्डी फाटा)

उत्तर : आधी मॉडेल आणि सिरियल नंबर मागा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली बरीच सीपॅप आणि बायपॅप (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देणारी) मशीन परत बोलावली होती. आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या मार्गात येण्याची भीती होती. पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन त्यातलंच. तसं मशीन दुरुस्त झालेलं नसेल तर फुकट मिळालं तरी नको. दुसरं काही असेल तर मोटर किती तास चालली ते मेनूत दिसतं, ते बघा. मशीनचं आयुष्य साधारण पाच वर्षं धरतात. मास्क, नळी, फिल्टर मात्र नवेच. आणि आधीच्या मालकाचा दाब पुसून तुमचा घातल्याशिवाय एक रात्रही वापरू नका.

प्रश्न : मला पेसमेकर आहे. मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं आहेत. चालतील?
(देवळाली कॅम्प)

उत्तर : नाही. चुंबक पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब हवा, आणि झोपेत मास्क निघून छातीवर पडला तर ते अंतर राहत नाही. पलंगावर शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हाच नियम. तोच मास्क साध्या प्लास्टिकच्या हुकांचा मिळतो का विचारा. नाहीतर बिनचुंबकाचं दुसरं मॉडेल घ्या.

प्रश्न : पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे. मशीन दवाखान्यात न्यायचं का?
(ओझर)

उत्तर : न्यायचंच. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीतच सांगा की स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, आहे. भूल आणि नंतरची वेदनाशामकं उतरेपर्यंत घसा नेहमीपेक्षा जास्त सैल असतो. स्लीप स्टडीचा अहवाल आणि दाबाचा आकडा फाइलमध्ये वरच ठेवा. मशीन, ॲडॉप्टर, तुमचाच मास्क आणि एक्स्टेंशन बोर्ड बरोबर घ्या, कारण वॉर्डातला प्लग पलंगापासून लांब असू शकतो. टाकी रिकामी करून, सुकवून वेगळी बांधा.